मैंदर्गी परिसरातील शालेय देखरेखीचा इतिहास : डेप्युटीपासून गटशिक्षणाधिकाऱ्यापर्यंत

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय भागात, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत मैंदर्गी हे नगरपरिषद असलेले गाव आहे. या पट्ट्यात कन्नड ही अनेक कुटुंबांची घरची भाषा असून शासकीय व्यवहार मराठीतून चालतो. तालुक्यात मराठी, कन्नड आणि उर्दू या माध्यमांच्या शाळा आहेत. व्यवस्थापनाच्या दृष्टीनेही त्यांचे स्वरूप संमिश्र आहे. प्राथमिक शिक्षणाचा मोठा भार जिल्हा परिषदेवर आहे, तर माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने खाजगी संस्थांच्या अनुदानित शाळांतून दिले जाते. अलीकडच्या काळात इंग्रजी माध्यमाच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांची त्यात भर पडली आहे.

या सर्व शाळांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा मात्र एकाच साखळीची आहे. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी (शिक्षण) आणि गटशिक्षणाधिकारी हे तालुक्याच्या पातळीवर, प्राथमिक व माध्यमिक विभागांचे शिक्षणाधिकारी जिल्ह्याच्या पातळीवर आणि पुणे, अहिल्यानगर व सोलापूर या तीन जिल्ह्यांसाठी पुणे येथील विभागीय शिक्षण उपसंचालक अशी तिची रचना आहे. ही यंत्रणा कशी घडत गेली, सार्वजनिक आणि खाजगी शाळांकडे ती कोणत्या दृष्टीने पाहत आली आणि सीमाभागातील कन्नड भाषक मुलाच्या वाट्याला तिच्यातून काय आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शाळा चालविणे आणि शाळा तपासणे ही दोन कामे कालांतराने एकाच हाती आली आणि तपासणीचा भर मुलाच्या आकलनाकडून शाळेच्या पटाकडे सरकला, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

शिक्षणखात्याची स्थापना आणि देखरेखीचे दोन मार्ग

मुंबई इलाख्यात १८२२ मध्ये स्थापन झालेली शाळापुस्तक मंडळी, तिचेच पुढील रूप असलेली मुंबईची हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी आणि १८४० चे बोर्ड ऑफ एज्युकेशन या संस्थांनी देशी भाषांतील शाळांचा पाया घातला. नियमित सरकारी देखरेख मात्र १९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सुरू झाली. १८५५ मध्ये इलाख्यात शिक्षणखाते स्थापन होऊन त्याच्या प्रमुखपदी शिक्षणसंचालक आला. त्याच्या हाताखाली विभागांचे एज्युकेशनल इन्स्पेक्टर आणि जिल्ह्यांचे डेप्युटी इन्स्पेक्टर नेमले गेले. ग्रामीण बोलीत ज्याला ‘दिपोटी’ म्हणत, तो हाच अधिकारी होय.

वुडच्या खलित्याने देखरेखीचे दोन निरनिराळे मार्ग आखून दिले. सरकारी शाळेत शिक्षकाची नेमणूक, बदली, पगार आणि पाठ्यपुस्तक हे सर्व खात्याच्या हुकमाने ठरत असे. खाजगी शाळेला हुकूम करण्याचा अधिकार खात्याला नव्हता. तिला अनुदान हवे असल्यास स्थानिक व्यवस्थापन नीट असणे, विद्यार्थ्यांकडून काही फी घेणे आणि सरकारी तपासणी मान्य करणे या अटी पाळाव्या लागत. सार्वजनिक शाळेवर आज्ञेने व खाजगी शाळेवर पैशाने नियंत्रण ठेवण्याची ही रीत पुढे दीड शतकाहून अधिक काळ टिकली. आजच्या व्यवस्थेतील अनेक ताणांचे मूळ याच द्वैतात सापडते.

१८६० नंतरच्या दशकात ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत आली. तपासनीस शाळेत येऊन विद्यार्थ्यांची प्रत्यक्ष परीक्षा घेई व उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर अनुदानाची रक्कम ठरे. या पद्धतीने घोकंपट्टीला उत्तेजन दिले, हा आक्षेप रास्त होता आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती मागे पडली. तथापि तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. मुलाला काय येते हे तपासनिसाने स्वतः ऐकले पाहिजे, ही ती गोष्ट. तपासनिसाला मुलाची भाषा समजत नसेल, तर ही पद्धत चालणेच शक्य नव्हते.

याच काळात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसविण्यात आली आणि तिच्यातील एकतृतीयांश भाग शिक्षणासाठी राखला गेला. शाळेचा खर्च रयतेच्या पट्टीतून आणि तपासणी सरकारच्या नोकराकडून, अशी विभागणी यातून निर्माण झाली.

हंटर आयोगापुढील महात्मा फुले यांचे निवेदन

देखरेखीची पहिली मूलगामी चिकित्सा महात्मा जोतीराव फुले यांनी केली. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष व अपुरी असल्याचे सांगितले. डेप्युटी वर्षातून एकदा येऊन गेल्याने शाळेला फारसा लाभ होत नाही, किमान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि एरवीही पूर्वसूचना न देता शाळांना भेटी द्याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. गावकामगार व महसुली अधिकारी यांच्यावर हे काम सोपविण्यास त्यांचा विरोध होता, कारण त्यांच्यामागे इतर अनेक कामे असतात.

या मांडणीत दोन मुद्दे अंतर्भूत आहेत. पहिला म्हणजे, भेट ही वारंवार आणि अनपेक्षित असली तरच ती तपासणी ठरते. दुसरा असा की, देखरेख करणाऱ्यावर दुसऱ्या कामाचा बोजा नसावा. पुढील काळात यांपैकी दुसऱ्या मुद्द्याची उपेक्षा सर्वाधिक झाली.

डेप्युटी आणि शाळेची भाषा

मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात मराठी व कन्नड यांची सरमिसळ होती. धारवाड, बेळगाव व विजापूर हे जिल्हे महसुलाच्या दक्षिण विभागात, तर सोलापूर जिल्हा मध्य विभागात मोडत असे. कन्नड मुलखात गावकऱ्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या ‘कूलिमठ’ नावाच्या देशी शाळा पूर्वीपासून होत्या. परंतु पेशवाईचा आणि पटवर्धनादी सरदारांचा अंमल दीर्घकाळ राहिल्याने लिखापढीची भाषा मराठी होती आणि अनेक ठिकाणी सरकारी शाळाही मराठीच निघाल्या.

हे चित्र बदलण्यात ‘डेप्युटी चन्नबसप्पा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. १८६० च्या आसपास धारवाड-बेळगाव भागात काम करताना कन्नड मुलांना कन्नडमधूनच शिकविले पाहिजे हे त्यांनी खात्याला पटवून दिले, कन्नड शाळा वाढविल्या आणि धारवाडच्या अध्यापक विद्यालयातून कन्नड शिक्षक घडविण्यास चालना दिली. वरिष्ठ इंग्रज अधिकारी रसेल यांचा त्यांना पाठिंबा होता. देखरेख करणारा अधिकारी मुलाच्या भाषेचा जाणकार असेल, तर तपासणी शाळेचे स्वरूपही बदलू शकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

अक्कलकोट परिसराची स्थिती वेगळी होती. या भागाचा बराच मुलूख भोसले घराण्याच्या अक्कलकोट संस्थानात होता आणि संस्थानांतील शाळांचा कारभार इलाख्याच्या खात्याबाहेर राही. १९४८ मध्ये दक्षिणेतील संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि अक्कलकोट सोलापूर जिल्ह्यात आले. त्यानंतर येथील प्राथमिक शाळा राज्याच्या सर्वसाधारण व्यवस्थेत सामील झाल्या.

शाळामंडळापासून जिल्हा परिषदेपर्यंत

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचे नियंत्रण स्थानिक संस्थांच्या शाळामंडळांकडे सोपविले. स्थानिक राजकारणाचा शिक्षकांच्या नेमणुका व बदल्यांवर परिणाम होतो, अशा तक्रारी वाढल्याने १९३८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि तपासणीचे काम पुन्हा सरकारी अधिकाऱ्यांकडे घेतले. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमानेही हीच चौकट कायम ठेवली. जिल्हा शाळामंडळ शाळा चालवी, त्याचा प्रशासन अधिकारी सरकारनियुक्त असे आणि तपासणी खात्याचे अधिकारी करीत. मोठ्या नगरपालिकांना ‘प्राधिकृत’ दर्जा देऊन स्वतंत्र शाळामंडळ चालविण्याची मुभा होती. असा दर्जा नसलेल्या लहान नगरपालिकांच्या हद्दीतील शाळा जिल्हा शाळामंडळाच्या अखत्यारीत येत. गावाला नगरपालिका असूनही प्राथमिक शाळेवर तिचा अधिकार नसणे, ही लहान गावांतील आजची परिस्थिती याच तरतुदीतून आली आहे.

महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ नुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्हा शाळामंडळांचे काम त्यांच्याकडे गेले. त्याबरोबर खात्याचे सहायक डेप्युटी इन्स्पेक्टर, म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडी असलेले ‘ए. डी. ई. आय. साहेब’, जिल्हा परिषदेच्या यंत्रणेत विस्तार अधिकारी म्हणून सामावले गेले. लोकशाही विकेंद्रीकरणाच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे होते. प्राथमिक शाळा गावोगावी पोचल्या, त्यात जिल्हा परिषदांचा वाटा निर्विवाद आहे. परंतु शाळा चालविणारा आणि तपासणारा यांच्यामध्ये १९३८ पासून जे अंतर राखले गेले होते, ते १९६२ मध्ये नाहीसे झाले. शिक्षकाची बदली, रजा, बांधकाम, पोषण आहार, निवडणुकीची कामे आणि अध्यापनाची तपासणी हे सर्व एकाच कचेरीतून होऊ लागले.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा धोका ओळखला होता. प्रशासन आणि शैक्षणिक मार्गदर्शन ही कामे वेगळी करावीत आणि जवळजवळच्या शाळांचे समूह करून त्यांना परस्परांच्या आधारे उभे करावे, अशी त्याची शिफारस होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांना मुंबई राज्यातील स्थानिक संस्थांच्या शिक्षणकारभाराचा जवळून परिचय होता. महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले, ते याच शाळा-समूहाच्या कल्पनेशी जुळणारे होते. व्यवहारात मात्र केंद्रप्रमुखाचा बहुतांश वेळ माहिती गोळा करून वरच्या कचेरीकडे पाठविण्यात जाऊ लागला.

खाजगी शाळा : अनुदान, संहिता आणि कायदा

माध्यमिक शिक्षणात खाजगी संस्थांचे स्थान मध्यवर्ती राहिले. अनुदानाच्या बळावर शासनाने या शाळांवर नियंत्रण ठेवले. ते नियंत्रण किती नाजूक असू शकते हे रयत शिक्षण संस्थेच्या उदाहरणावरून दिसते. १९४८ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शासनावरील टीकेनंतर संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले आणि गाडगे महाराजांसारख्यांच्या मध्यस्थीनंतर ते पुन्हा सुरू झाले. अनुदान ही देखरेखीची साधी तरतूद असली, तरी तिच्यात राजकीय दबावाची शक्यता नेहमीच दडलेली असते.

पुढे माध्यमिक शाळा संहितेने मान्यता, वर्गतुकड्या, इमारत, फी व नोंदवह्या यांचे नियम घालून दिले. १ जानेवारी १९६६ पासून राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाने शालान्त परीक्षेद्वारे देखरेखीचा दुसरा मार्ग निर्माण केला. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ च्या नियमावलीने संस्थाचालकांच्या लहरीपासून शिक्षकाला संरक्षण दिले. बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय झाली. वेतन शासनाकडून वेतन पथकामार्फत होऊ लागले. परिणामी अनुदानित शाळा मालकीने खाजगी राहिली, पण खर्च व सेवाशर्ती यांबाबत जवळजवळ शासकीय झाली. शिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरीतील मोठा वेळ वैयक्तिक मान्यता, सेवाज्येष्ठता आणि संस्थांतर्गत वाद यांत जाऊ लागला आणि वर्गात काय चालते हा प्रश्न मागे पडला.

२००१ मध्ये नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. त्यातील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळण्यात आला. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाने अनुदानाविना शाळा काढण्याचा मार्ग अधिकृत केला. अशा शाळेवर अनुदानाचा लगाम चालत नाही आणि आज्ञेचा अधिकारही मर्यादित असतो. १८५४ मध्ये आखलेल्या दोन्ही मार्गांच्या बाहेर ही शाळा उभी आहे.

पटाची सत्ता

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने प्रथमच सार्वजनिक व खाजगी शाळांसाठी काही समान मानके घातली. शिक्षणाधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र असल्याशिवाय खाजगी शाळा चालविता येत नाही, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण ठरलेले असावे आणि माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावी, या तरतुदी या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. मात्र जी कचेरी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळा चालविते, तीच शेजारच्या खाजगी शाळेला मान्यता देते, ही विसंगती कायम राहिली. पटावरील मुलांसाठी दोन्ही शाळांत स्पर्धा असताना तपासणाऱ्याची तटस्थता हा केवळ वैयक्तिक सचोटीचा प्रश्न उरत नाही.

३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावण्यात आली. बोगस पटाच्या आधारे अनुदान व शिक्षकपदे मिळविली जात असल्याचे त्यातून उघड झाले. ही मोहीम आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु तिच्यानंतर देखरेखीचा सारा भर मुले मोजण्यावर आला. ऑनलाइन संचमान्यता, आधारशी जोडलेली विद्यार्थी नोंद आणि ‘शालार्थ’ वेतनप्रणाली यांमुळे पट हाच शाळेचा मुख्य पुरावा बनला. शाळेत मूल आहे की नाही हे संगणक सांगू शकतो. त्या मुलाला वाचता येते की नाही, हे त्यातून कळत नाही.

सीमाभागातील कन्नड शाळा आणि देखरेखीची भाषा

हा प्रश्न मैंदर्गीसारख्या गावात अधिक तीव्र होतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी मुंबई राज्यात मराठी, गुजराती व कन्नड या तिन्ही प्रमुख भाषा होत्या. धारवाडचे अध्यापक विद्यालय, कन्नड जाणणारे तपासनीस आणि कन्नड पाठ्यपुस्तके हे सर्व एकाच खात्यात उपलब्ध होते. त्या दिवशी धारवाड, बेळगाव, विजापूर व कारवार म्हैसूर राज्यात गेले आणि सोलापूर जिल्ह्यातील कन्नड शाळा एका रात्रीत भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळा ठरल्या. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क द्वारे प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. हक्क कागदावर आला, पण तो राबविणारे कन्नड जाणकार अधिकाऱ्यांचे मनुष्यबळ सीमेपलीकडे गेले.

१९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात संपूर्ण अक्कलकोट तालुका म्हैसूरला द्यावा अशी शिफारस होती. महाराष्ट्राने हा अहवाल नाकारला. तेव्हापासून येथील शाळेचे माध्यम हा शैक्षणिक मुद्दा न राहता निष्ठेचा मुद्दा मानण्याची प्रवृत्ती दोन्ही बाजूंना दिसते. असे असूनही महाराष्ट्राने कन्नड माध्यमाच्या सोयी नाकारलेल्या नाहीत, हे नमूद केले पाहिजे. १९६७ मध्ये स्थापन झालेली ‘बालभारती’ कन्नड पाठ्यपुस्तके प्रकाशित करते आणि दहावीची परीक्षा कन्नडमधून देता येते. त्याचबरोबर २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठीचे अध्यापन अनिवार्य केले, ते या भागातील मुलांच्या पुढील शिक्षण व रोजगारासाठी उपयुक्तही आहे.

उणीव पुस्तकात नसून देखरेखीत आहे. कन्नड वर्गात बसलेला अधिकारी कन्नड वाचू शकत नसेल, तर तो फळा, हजेरीपट, स्वच्छतागृह आणि आहाराची नोंदवही पाहतो. मुलाचे वाचन त्याच्या तपासणीबाहेर राहते. २०२४ मध्ये सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील कन्नड शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमल्याची तक्रार झाली. पटावर पद भरलेले दिसते आणि वर्गात शिक्षण थांबते, अशा स्थितीचे ते उदाहरण होते. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी महाराष्ट्रातील कन्नड शाळांना विशेष अनुदान देण्याची घोषणा केली. वुडच्या खलित्यापासून अनुदान देणाऱ्यालाच तपासणीचा अधिकार, असे तत्त्व चालत आले आहे. त्या तत्त्वाच्या प्रकाशात पाहता, एका राज्यातील शाळेला दुसऱ्या राज्याचे अनुदान हा केवळ औदार्याचा विषय राहत नाही. स्वतःच्या यंत्रणेत राहिलेली पोकळी दुसरे कोणी भरू पाहते, याची ती जाणीव आहे.

समारोप

डेप्युटीपासून गटशिक्षणाधिकाऱ्यापर्यंतच्या या प्रवासातून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला, सार्वजनिक शाळेवर आज्ञेने आणि खाजगी शाळेवर अनुदानाने नियंत्रण ठेवण्याची वसाहतकालीन रचना आजही मूलतः टिकून आहे आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांपुढे ती अपुरी पडते. दुसरा, १९६२ नंतर शाळा चालविणे व तपासणे ही कामे एकवटल्याने तपासणी दुबळी झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळांच्या दर्जासाठी स्वतंत्र राज्यस्तरीय प्राधिकरण सुचविले आणि सार्वजनिक व खाजगी शाळांना एकच मोजमाप लावावे असे म्हटले, ते १९३८ मध्ये मान्य झालेल्या व नंतर सोडून दिलेल्या तत्त्वाकडे परत जाणे आहे. तिसरा, नोंदींची अचूकता वाढली तरी वर्गातील शिकण्याविषयीचे ज्ञान त्या प्रमाणात वाढले नाही.

सीमाभागापुरते बोलायचे तर स्वतंत्र प्राधिकरणाची वाट न पाहताही काही करता येण्याजोगे आहे. कन्नड शाळा असलेल्या केंद्रांवर कन्नड जाणणारा केंद्रप्रमुख व विस्तार अधिकारी नेमणे, कन्नड माध्यमाच्या शिक्षकपदांचा हिशेब एकूण पदांपासून वेगळा ठेवणे आणि भेटीच्या अहवालात मुलांच्या प्रत्यक्ष वाचनाची नोंद सक्तीची करणे, एवढ्याने बराच फरक पडेल. वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटीविषयी महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये नोंदविलेला आक्षेप भेटींच्या संख्येपुरता नव्हता. गरिबाच्या मुलाला शाळेत खरोखर काही मिळते की नाही, हे पाहणारे कोणी असावे, ही त्यामागील मागणी होती. मैंदर्गी परिसरातील कन्नड शाळेच्या संदर्भात ती मागणी अद्याप पूर्ण व्हावयाची आहे.